आबा तासगावला गेलेत

तासगाव,
१० ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
रेश्माचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या नावामागं गं. भा. लिहायला पेन उचललं, पण हात धजला नाही. नुसतंच आई लिहिलंय. फोनच केला असता, पण तुझा फोन म्हणजे आपल्या यशराजच्या वेब सिरीजचा कॅमेरा. लागला तरी सगळी पोरं स्पीकरवर ऐकत बसतात.

काल विट्याहून नवराबायको आले होते. हातात केळी. म्हणाले, सिरीजमधलं आबा हितंच लेकीकडं असत्यात न्हवं, त्यांच्यासंगं फोटो काढायचाय. द्राक्षबागेत छाटणीची गडबड, अंगणात मजूर, आणि मी उंबऱ्यात उभी राहून सांगितलं, की आबा ऑगस्टातच गेले, साताऱ्याच्या दवाखान्यात. बाई रडायला लागली, तिची समजूत मीच काढली. पंधरा दिवसांतली ही चौथी खेप. दर खेपेला आबा माझ्याच तोंडून मरतात गं.

तुम्ही सगळे खऱ्या नावानं काम करता, घर आपलं, गाव आपलं. मग लोकांनी का खरं मानू नये? यशराजनं सिरीजमध्ये आबांना मरू द्यायचं नाही म्हणून लेकीकडं धाडलं, आणि लोक तासगावच्या स्टँडवर उतरून माझं घर विचारतात. आमच्या सासूबाई बघतात त्या सिरियलचं बरं. तिथला सासरा दरीत पडला, आठवडाभर व्हायोलिन वाजलं. दीड वर्षानं त्याच्या जागी दुसराच माणूस आला, आता ही भूमिका हे करतील अशी खाली एक ओळ दाखवली, आणि सासूबाईंनी चहा संपायच्या आत त्याला सासरा मानलं. त्याचं घर शोधत कुणी मुंबईला जात नाही.

एका भागात सांगून टाक ना, आबा गेले म्हणून. मला आता सोसत नाही.

रागवू नकोस, माया आहे तशीच ठेव.
तुझी रेश्मा

---

रहिमतपूर,
१७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. रेश्मा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं.

यशराजवर राग धरू नकोस. पुतण्या असला तरी पोटच्यासारखा रडला तो. त्याचं म्हणणं इतकंच, की काकी, कॉमेडीत मयत चालत न्हाई, लोक मोबाइलवर बोटानं पुढं ढकलत्यात. आबांच्या जागी दुसरा माणूस घेऊ का, असं एकदाच विचारलं त्यानं. मी लाटणं फेकून मारलं. टीव्हीवर जमतं ते. तिथली बायको मेकअपची, नवराही मेकअपचा, आणि झोपतानाही बाई भरजरी साडीत. मी माझ्या रोजच्या साडीत, माझ्याच चुलीपुढं बसते. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले त्याच्या जागी दुसऱ्याशी कशी भांडू?

आता खरं सांगते, हसू नकोस. दर भागात मी जुना बंद फोन कानाला धरून तासगावला बोलल्याचं सोंग करते ना, आणि पलीकडून आबा बोलतायत असं समजून त्यांना झाडते? औषध घेतलं का, बनियन बदललं का, किती दिवस लेकीच्या उरावर बसणार? ते यशराज लिहून देत नाही. माझं मीच बोलते. आठवड्यातून तेवढी चार मिनिटं मला ते भेटतात. बाकी दिवस घर खायला उठतं.

पण तुझे हाल माझ्या ध्यानात आले नव्हते, ही माझीच चूक. तू म्हणशील तसं करते. एकदा विचार करून कळव.

जावईबापूंना आशीर्वाद. जेवत जा वेळेवर.
तुझी आई, मनुबाई

---

तासगाव,
२३ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सा. नमस्कार.

राहू दे, सांगू नकोस, असंच लिहायला बसले होते. तेवढ्यात शाळेची पाच पोरं आली आणि आबा, आबा म्हणून हाका मारत थेट घरात शिरली. मागच्या खोलीपर्यंत गेली. त्यांच्या मागं जाऊन त्यांना काय सांगायचं?

सांग आई. माझ्यासाठी सांग. मला माफ कर.
रेश्मा

---

रहिमतपूर,
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रेश्मा हिस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. रविवारी भाग आला, तू पाहिला असशील किंवा धीर झाला नसेल.

नानासो भावजींनी नेहमीसारखं विचारायचं होतं, की वैनी, नाथाजी कवा येतोय. भावजी म्हणजे आबांचे सगळ्यात जुने दोस्त, त्यांना नावानं हाक मारणारे, तिरडीला खांदा दिलेले. त्यांनी विचारलं. मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हटलं, न्हाई येत आता, मेलं ते, ऑगस्टात. भावजींनी टॉवेलात तोंड खुपसलं. त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. यशराजला कॅमेरा बंद करायचं सुचेना. पुन्हा घ्यायला ऊन उरलं नव्हतं, आणि मीही दुसऱ्यांदा बोलले नसते.

लोकांना वाटलं, नानासोंना हसू आवरेना.

खाली हजारोंनी हसरी तोंडं आलीत. एकीनं लिहिलंय, मावशीनं जित्या नवऱ्याला मारलं, पोट दुखलं हसून. रडायचं कुठं ते सांगायला आमच्याकडं व्हायोलिन नव्हतं, आणि माझं बोलणं रोजच असं कोरडं, त्यालाच तर लोक हसत आले. यशराजनं खाली लिहिलं की हे खरं आहे, आबा खरंच गेले. त्यालाही हसले. आजवरचा सगळ्यात जास्त पाहिलेला भाग तो. पोर तेव्हापासून जेवलं नाही.

काल शूटिंग होतं. सवयीनं फोन कानाला लावला. आधी पलीकडं आबा असायचे. काल कुणी नव्हतं. फोन तसाच खाली ठेवला. अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं आणि कुणाला पटलं नाही, रेश्मा. पटलं ते माझं मलाच.

माणसं यायची थांबणार नाहीत, आता जास्तच येतील. त्यांना पाणी दे, आणि आबा बागेत गेलेत म्हणून सांग. खरं सांगून पाहिलं आपण.

आठवण ठेव. तुझ्याशिवाय आता मला कुणी नाही.
तुझी आई