कुपवाडची वाळलेली माती

१२ एप्रिल, शुक्रवार
विश्वजीत साहेब आज प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर म्हणाले, "संयोगिताबाई, तुम्हा वाईच्या लोकांना माती काय कळते? घाटावर जाऊन पूजा सांगा." मी एवढंच म्हटलं होतं – कुपवाडच्या कारखान्याची जमिनीतली केबल मातीच्या पावसाळ्यातल्या मोजणीवर विसंबून टाकलीय, उन्हाळ्यात परत मोजू. ओल्या मातीत कणांमधलं पाणी केबलची उष्णता बाहेर नेतं. माती वाळली की तिथे हवा शिरते, उष्णता अडते, केबल आतल्या आत तापते. त्यांना हे कळत नाही असं नाही. अहवालावर सही त्यांची, म्हणून.
उद्यापासून मी नमुन्यांच्या पिशव्या मोजायच्या म्हणे.

२० एप्रिल, शनिवार
रजा टाकून कुपवाडला गेले. कारखान्याचा वायरमन बिराप्पा, त्याने केबलवरची माती उकरून दिली. काळी माती, बोट जाईल एवढ्या भेगा. मोजणीची सुई रोवली. पावसाळ्यापेक्षा तिपटीने उष्णता अडवतेय! वहीत तारीख, वेळ, आकडे. आकड्यांखाली दोन रेघा ओढल्या – आनंदाने.
बिराप्पा म्हणाला, "ताई, माती लय तापलीया. काय धोका न्हाई न्हवं?"
"साहेबांना विचारा."

२६ एप्रिल
सांगायचं नाही. सांगितलं तर साहेब गुपचूप माती बदलून घेतील आणि वर शहाणे ठरतील. जळू दे. मग वही काढीन, सगळ्यांसमोर.

९ मे
एक्केचाळीस अंश. बरं वाटलं.

२१ मे
"काय, रुसवा गेला का?" साहेब हसले. मीही हसले.

२८ मे, मंगळवार
केबल फुटली. फोन घेताना साहेबांचा चेहरा पांढराफटक. मी तो डोळे भरून बघितला.
मग पुढचं कळलं. जळका वास येतोय म्हणून बिराप्पा उकरून बघायला गेला होता. दोन्ही हात आणि तोंड भाजलंय.

२९ मे
सांगलीला दवाखान्यात. त्याची बायको सुलाबाई माझा हात धरून म्हणाली, "ह्ये सांगत हुतं, येवढ्या सायबांत एक तुमीच माती बघाय आला हुता." तिने दिलेलं पाणी मी तसंच खाली ठेवलं.

३ जून, सोमवार
चौकशी. वही टेबलावर ठेवली. साहेबांकडे बघितलं नाही. चौकशी अधिकाऱ्याने पानं उलटली.
"वीस एप्रिलला कळलं होतं तर कुणाला सांगितलं?"
"कुणालाच नाही."