पंखा कोणी बंद केला

चिपळूण,
४ मार्च १९९६

चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद.

तुझी साखर वाढल्याचं कळलं. तिथल्या यिशुनच्या हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवरचं गोडधोड आता तरी सोड.

आमची जुनी पाणबुडी या महिन्यात सेवेतून निघते आहे. तिचा सेवा-इतिहास छापताहेत, मसुदा मलाही आला. पहिली डुबकी, युद्धातली गस्त, सगळं आहे. आणि १९७०च्या बॅटरीस्फोटाबद्दल माझ्या नावानं एक ओळ: इलेक्ट्रिशियन मनोहर साने यांनी बॅटरीचा वायू बाहेर काढणारा पंखा बंद ठेवल्याने वायू साठला, खलाशी विश्वास कदम मृत.

बाहेर आवाज ऐकू जायला नको म्हणून पंखा कॅप्टनसाहेबांनीच बंद करायला लावला होता. वायू अजून गेलेला नाही, असं मी दोनदा सांगितलं होतं. साहेब आता तिथेच, सिंगापुरात क्वीन्सटाउनला मुलाकडे असतात. त्यांच्याकडून तेवढं लिहून आण. विश्वासची बायको स्मिता सव्वीस वर्षं माझ्याशी बोललेली नाही.

तुझा,
दादा

सिंगापूर,
२४ मार्च १९९६

ती. स्व. दादास, श्रीनिवासचा सा. न. वि. वि.

रविवारी साहेबांच्या फ्लॅटवर गेलो. मनोहरचा भाऊ म्हटल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला. आपणहून म्हणाले, की हुकूम माझाच होता, मनोहरनं दोनदा बजावलं होतं. मी कागद पुढे केला. त्यांनी पेन उघडलंही. तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि त्यांनी ते मिटलं. ती आत गेल्यावर म्हणाले, की नातू नुकताच इथल्या नौदलात गेलाय, त्याच्यापुढे मी कुठल्या तोंडानं उभा राहू. मी हात जोडले, मग चिडलोही. त्यांनी कोरा कागद माझ्याकडे परत सरकवला.

दादा, मला जमलं नाही. राग नसावा.

तुझा,
श्रीनिवास

चिपळूण,
२१ एप्रिल १९९६

चि. श्रीनिवास यास आशीर्वाद.

राग कसला? अलीकडे मलाच वाटू लागलं होतं, की पंखा माझ्याच हातून सुरू करायचा राहिला असेल. तेवढं तुझ्या पत्रानं गेलं.

इतिहास मात्र होता तसाच छापला. सहीशिवाय ओळ बदलता येत नाही, असं छापणाऱ्यांनी कळवलं.

काल तुझं पत्र घेऊन खेडला गेलो. स्मितावहिनींनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. म्हणाल्या, भावासाठी भाऊ लिहिणारच. पत्राची नीट घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. मी पायरीवर थोडा वेळ बसलो. पुन्हा दार वाजवायचं धाडस झालं नाही.

तुझी माझ्यावर माया आहे, तेवढी राहू दे.

तुझा,
दादा