फोनच्या लाइनवरचं नेट

घनसावंगी,
दि. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

चि. भावनास,
सप्रेम जयभीम.

आज सकाळी अकराला संगणक केंद्राचं कुलूप काढलं. झाडून घेतलं. बाराला अक्षता आली आणि अकरा मुलांची परीक्षेची प्रवेशपत्रं छापून घेऊन गेली. दीडला वीज गेली. तेव्हापासून मी इथंच काउंटरपाशी बसून हे पत्र लिहिते आहे. ऊन दारातून आत आलंय, म्हणजे चार वाजले असतील.

तू, कल्याणराव आणि राजनंदिनी खुशाल असाल. राजनंदिनीचं नाव मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. का, ते पुढं येईल.

आधी सांगायचं ते सांगते. तुझे भाऊजी गेले. २३ जानेवारीला, गुरुवारी. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली. शेजारच्या शिवाजीरावांनी जीप काढली, पण अंबडच्या पुढं यांनी मान टाकली. त्याच दिवशी संध्याकाळी सगळं उरकलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला. तुला कळवलं नाही. तू आमच्याशी बोलतेस, हेच मला माहीत नव्हतं. या वाक्याचा अर्थ तुला आत्ता लागणार नाही. बसून वाच.

हे पत्र हातानं लिहिते, कारण तू माझं अक्षर ओळखशील. तुझ्या शाळेच्या वह्यांवर नाव मीच टाकायची.

तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी, २००२ ला, यांनी हे दुकान टाकलं. एक फोन आणि एक संगणक. बाहेर एसटीडी, आत नेट. तासावर पैसे होते. लोक निकाल बघायला यायचे, फॉर्म भरायला यायचे. मग ब्रॉडबँड आलं, संगणक चार झाले. मग मोबाइल आले, नेट ज्याच्या त्याच्या खिशात गेलं आणि इथं तासावर बसायला कुणी येईना. तेव्हापासून फक्त क्लास राहिला.

क्लासच्या नोट्स मी लिहायची. ते सांगायचे, मी लिहायची, त्याच्या झेरॉक्स निघायच्या. मुलांना म्हणायचे, छापील पुस्तकापेक्षा मॅडमचं अक्षर बरं. दर वर्षी त्यात नवे शब्द यायचे. ब्राउझर म्हणजे नेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. सर्व्हर म्हणजे जिथं सगळं साठवलेलं असतं तो दूरचा संगणक. क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, तेही कुणाचे तरी सर्व्हरच. मला हे सगळं पाठ आहे. पण माऊसला मी कधी हात लावला नव्हता. माझ्याकडं साधा फोन आहे.

रविवारी अक्षता आली. ती यांच्याकडंच शिकली, आता सहा वर्षं झाली तीच शिकवते. प्रवेशपत्रं काढायला सरांचाच संगणक पाहिजे होता. पासवर्ड त्यात साठवलेला, आणि ओटीपी यायचा त्यांच्या मोबाइलवर.

“मॅडम, तुम्ही माऊस धरा जरा, मी ओटीपी बघते,” ती म्हणाली. “अहो, हळू. भाकरीचा उंडा न्हाई तो.”

माझं बोट कुठं तरी पडलं आणि दुसरंच पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. बेबीनंदा.

“हे माझं नाव कसं आलं?”

“तुमचाच मेल आहे ना हा? लॉग-इन करून ठेवलेला असतो. सर रोज उघडायचे की.” ती हसली. “आम्ही म्हणायचो, काय जोडी आहे! नोट्स सर सांगतात अन् मॅडम लिहितात, मेल मॅडम सांगतात अन् सर लिहितात.”

मला संगणक बिघडलाय असं वाटलं. मग खाली तुझं नाव दिसलं. एकाखाली एक, तुझंच नाव. पान सरकवत गेले तरी संपेना.

भावना, मी तुला एकही मेल लिहिलेला नाही. २००८ पासून आक्का म्हणून तुला जे जे आलं, ते सगळं तुझ्या भाऊजींनी लिहिलेलं आहे. मला त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

हे लिहून मी मघाशी बाहेर जाऊन उभी राहिले होते. आता पुढं लिहिते.

रविवारी दुपारी आणि काल दिवसभर मी वाचत होते. पान कसं उलटायचं तेवढं अक्षतानं दाखवलं. सगळ्यात पहिला मेल २००६ चा. तेव्हा गावात कुणाचाच मेल नव्हता. दुकानाचा एकच पत्ता होता. पुण्याला, दुबईला गेलेल्या पोरांची पत्रं त्याच्यावर यायची आणि हे छापून घरोघर नेऊन द्यायचे. तुझं आलं तेव्हा घडी घालून माझ्या हातात दिलं. “भावनाचं आहे,” एवढंच म्हणाले. मी न उघडता चुलीत घातलं. मला वाटलं जळालं, संपलं. मेल सर्व्हरवर राहतो, कागद ही फक्त त्याची प्रत, हे मीच माझ्या हातानं किती वेळा लिहिलंय. अर्थ रविवारी कळला. चुलीत घातलेलं पत्र मी एकोणीस वर्षांनी वाचलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, एकेक शब्द लावत वाचलं.

“आक्का, मायचं मला चार महिन्यांनी कळलं. शेवटी तिनं माझं नाव काढलं का? एवढंच सांग, मंग मी परत लिहिणार न्हाई.”

दोन वर्षांनी यांनी माझ्या नावाचा पत्ता काढून, तो मेल त्यावर घेऊन त्याला उत्तर दिलंय. “हो, काढलं. परत लिही.”

आणि तू लिहीत राहिलीस. राजनंदिनी झाली ते लिहिलंस. कल्याणरावांचा पाय मोडला ते लिहिलंस. यांनी माझ्या नावानं तुला किती छळलंय. “तुझ्या हातची भाजी खाऊन कल्याणराव अजून चालते-फिरते आहेत, म्हणजे माणूस दणकट आहे.” हे मी कधी म्हटलं असतं का? मी आयुष्यात कुणाची थट्टा केली नाही. तुला शंका कशी आली नाही? का शंका घ्यायचीच नव्हती? तू दोनदा लिहिलंस, आक्का, एकदा तरी हातानं पत्र लिही, तुझं अक्षर बघू दे. यांनी लिहिलं, हात दुखतो. फोन कर म्हणालीस, तर लिहिलं, फोनवर रडू येतं. माझा हात कधी दुखला नाही. आणि तुझ्याशी बोलताना रडू येईल असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं.

तुझ्याकडं निळ्या काठाची गोधडी आहे ना? जालन्याच्या गिऱ्हाइकाला पाहिजे असं सांगून यांनी माझ्याकडून शिवून घेतली आणि तुला पाठवली. ती मात्र माझी आहे.

मेल वाचत २०११ पर्यंत आले. त्या वर्षीचा ऑगस्टचा मेल तुला आठवत असेल. मी जसाच्या तसा उतरवून घेतलाय.

“भावना, माय आजारी होती तेव्हा मी तुला फोन केला न्हाई. केला अन् तू येत न्हाई म्हणालीस, असं मी घरात सांगितलं. ते खोटं होतं. तू माफ कर किंवा नको करू, पण हे तुझ्यापासून लपून राहू नये.”

तुझं उत्तर दुसऱ्या दिवशीचं आहे. “मला अंदाज होता, आक्का. तू स्वतः सांगितलंस, बास झालं.”

मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. कारण मी स्वतः सांगितलं नव्हतं. तुलाच काय, यांनाही नाही. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. मग यांना कसं कळलं? माझ्या तोंडून झोपेत गेलं का? मायनं सांगितलं का? पण मायला ठाऊक नव्हतं. रविवारची रात्र आणि कालची सकाळ मी एवढाच विचार करत होते.

काल दुपारी अक्षता नोट्सचा गठ्ठा घेऊन बसली. मी समोर होते.

“मॅडम, यंदा हे पान काढू का? डायल-अप आता कोण वापरतं? दर वर्षी सरांना म्हणायची, सर, पोरं हसून राह्यले. सर म्हणायचे, असू दे, मॅडमला लिहू दे.”

तिनं पान माझ्यापुढं केलं. माझंच अक्षर. “डायल-अप म्हणजे फोनच्या लाइनवरून येणारं नेट. लाइन एकच असल्यामुळे नेट चालू असताना फोन लागत नाही.”

भावना, २००४ चा मार्च. माय अंथरुणावर होती, तुझं नाव घेत होती. तुमच्या शेजाऱ्यांच्या फोनचा नंबर चिठ्ठीवर होता. यांनी मला सांगितलं, फोन कर. मी दुपारी दुकानात येऊन बाहेर बसले. आतल्या खोलीत यांच्याभोवती भरतीचा निकाल बघायला पोरांची गर्दी होती. नेट सकाळी दहाला लावलेलं, ते दिवे लागेपर्यंत चालू होतं. संध्याकाळी मी यांना म्हटलं, इथून फोन लावला, ती येत नाही म्हणाली.

त्यांनी “बरं” म्हटलं. एवढंच. मला आजही तो आवाज आठवतो, मला तो नेहमीचाच वाटला होता.

म्हणजे मी वाक्य पुरं करायच्या आत त्यांना कळलं होतं. एकवीस वर्षं त्यांना माहीत होतं. दर वर्षी ते मला हे वाक्य सांगायचे, सांगून थोडं थांबायचे, आणि मी खाली मान घालून चांगल्या अक्षरात लिहायची. मला वाटायचं, माझं लिहून व्हावं म्हणून थांबतात.

मी फोन का केला नाही, तेही लिहिते. तू कल्याणरावांबरोबर गेलीस, त्यांच्या घरच्यांनी तुम्हाला तोडलं, आपल्यांनीही तोडलं. लोकांना वाटलं, मला त्याचाच राग आहे. तसं नव्हतं. मायचं हगणं-मुतणं मी काढत होते आणि ती नाव तुझं घेत होती. त्याचा राग होता. त्याहून मोठं कारण काही नाही.

यांनी माझ्या वतीनं माझी चूक कबूल केली. पण जे त्यांना माहीतच नव्हतं ते त्यांना लिहिता आलं नाही. ते मलाच लिहावं लागेल. त्या संध्याकाळी मी मायलाही तेच सांगितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. माय म्हणाली, “न्हाई येत? काई अडचण असल तिची. तू बोलू नको तिला. लेकराला उगं बोलू नको.” आणि भिंतीकडं तोंड करून निजली. त्यानंतर ती दोन दिवस होती. त्या दोन दिवसांत तिनं तुझं नाव एकदाही काढलं नाही. तू बोलावूनही आली नाहीस, असंच समजून ती गेली.

तू माफ केलंस ते फोन न केल्याबद्दल. हे त्यात नव्हतं.

तुझा शेवटचा मेल २ तारखेचा आहे. “आक्का, दहा दिवस झाले उत्तर न्हाई. भाऊजींना म्हणावं, मेल बघा. आम्ही २८ चं तिकीट काढून राह्यलो.” जानेवारीत यांनी माझ्या नावानं तुला लिहिलं होतं, या वेळी घरी ये. अक्षता म्हणाली, मॅडम, इथं खाली दोन ओळी टाका, लगेच पोचतील. पण त्या पत्त्यावरून मी काहीही लिहिलं तरी तुला त्यांचाच आवाज ऐकू येणार. तुझा नंबर मेलमध्ये सापडला. काल दोनदा लावायला घेतला, शेवटचा आकडा दाबला नाही. म्हणून हे स्पीड पोस्टानं पाठवते. तिकिटाच्या आधी तुझ्या हातात पडेल.

मी तुला कधी बोलावलं नव्हतं. आता बोलावते. ये. पण हे वाचूनही यावंसं वाटलं तरच ये. नाही आलीस आणि कुणी विचारलं, तर मी बोलावलं होतं आणि ती आली नाही, एवढं सांगून थांबणार नाही. का आली नाही तेही सांगीन. शिवाजीरावांना सांगीन, अक्षतालाही सांगीन.

माझा नंबर पाकिटाच्या मागं लिहिते.

मागं घरी नळाला पाणी आल्याचा आवाज येतोय. नऊ दिवसांनी आलंय, तासाभरात जाईल. पाइपाचं एक टोक नळाला दाबून धरावं लागतं, ते हे धरायचे, आणि दुसरं टाकीत, ते मी. आता नळाचं टोक चिंधीनं बांधते आणि टाकीपाशी जाऊन उभी राहते.

बेबीनंदा