पाचमिनिटे यांना काहीही नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, पोलीस हवालदाराची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच तपासून तसा दाखला दिला. "स्वखुशीने लिहिते" असे घालायला वकीलबाईंनी सांगितले. खुशी नाही, पण मर्जी माझीच आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. अर्ज मात्र एकोणीस केले.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मागचा जिना, मुलाला व मुलीला निम्मे निम्मे. हे गेल्यावर पोलीस वसाहतीतली खोली तीन महिन्यांत रिकामी करायला लावली, तेव्हा मशीन चालवून हे घर उभे केले आहे. भांडायचेच असेल तर दार लावून भांडावे.

२. शिलाई मशीन, दोन कात्र्या व बटणांचा डबा सुनेला. तिला शिवता येत नाही हे मला ठाऊक आहे. शिकावे.

पेटीच्या तळाशी एक निळे कापड आहे. ते त्या वेळच्या मोठ्या साहेबांच्या पत्नीचे. त्या समाचाराला आल्या, डोळे पुसले, आणि जाता जाता दारात म्हणाल्या, "माझं शिवून झालं का हो?" झाले नव्हते. आजही झालेले नाही. कापड तसेच परत करावे.

३. यांची शिट्टी मुलाला. वर्दी कोणालाही देऊ नये.

४. आता मुख्य गोष्ट. मुख्यालयाच्या फाटकाशी काळा दगड आहे. ड्यूटीवर असताना गेलेल्यांची नावे त्यावर कोरतात. बावीस वर्षे झाली, यांचे नाव नाही.

यांची चौकातली ड्यूटी दुपारी दोनला संपे. नियमाने ठाण्यात परत जाऊन वहीत सही करायची, मग घरी यायचे. ठाणे गावाच्या एका टोकाला, वसाहत दुसऱ्या. रोज जेवण निवायचे आणि रोज मी तोंड सोडायची. "सकाळीच करून टाका की ती सही! बाकीचे करतातच ना?" करत होते, अर्धे ठाणे करत होते. मग हेही निघतानाच "दोन वाजता ड्यूटी संपली" अशी सही करून जाऊ लागले.

त्या दिवशी दोनला बदलीचा माणूस आलाच नाही. चौक मोकळा टाकून येणारे हे नव्हेत. दोन वाजून वीस मिनिटांनी ट्रकने उडवले तेव्हा यांचा हात वर होता, हे कोपऱ्यावरच्या चांभाराने पाहिले. पण वहीप्रमाणे हे दोनलाच घरी निघालेले. शेरा पडला, "ड्यूटी संपल्यानंतर, खाजगी वेळेत अपघात." खाजगी वेळेत माणूस भर चौकात शिट्टी फुंकत उभा राहतो का हो? सहा साहेब बदलले. प्रत्येकाने पाणी दिले, खुर्ची दिली आणि म्हणाला, "बाई, वाईट वाटतं, पण वही काय म्हणते बघा." चांभाराच्या शब्दाला कोण विचारतो!

आता ताकाला जाऊन भांडे कशाला लपवू? ती आगाऊ सही मी करायला लावली. एकोणीसही अर्जांत हे मी लिहिले नाही. लाज वाटली. आज लिहिते.

५. बँकेत असेल ते नातीच्या शिक्षणाला. पोलिसात जाते म्हणाली तरी अडवू नये. सही कधी करायची, एवढे मात्र माझ्या नावाने बजावावे.

६. बदलीवर येणार होते ते यांचे दोस्त, माझे मानलेले भाऊजी. ठाण्यात त्यांना सगळे पाचमिनिटे म्हणत, जणू आडनावच. "पाचच मिनिटं, वहिनी, आलोच!" यांच्या ताटाशेजारी त्यांचे ताट असे. त्यांची वर्दी दर वर्षी कमरेत मी सैल करून दिली. त्यांनी वहीत लिहिले, "दोनला हजर." चौथ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ते ढसाढसा रडले आणि खरे सांगितले. "पण वहिनी, लिहून नका मागू. नोकरी जाईल. पोरं लहान आहेत." नाही मागितले. पुढे मागितले तर म्हणाले, पेन्शन होऊ द्या. पेन्शन होऊन चार वर्षे झाली. आता मला पाहून रस्ता ओलांडतात.

त्यांच्या नावे गजराचे घड्याळ ठेवणार होते. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. म्हणून पाचमिनिटे यांना काहीही नाही. घड्याळ मुलीला. भाऊजींना आज सकाळी दहाला साक्षीला बोलावले आहे.

७. याची एक प्रत माझ्या मरणाची वाट न पाहता मुख्यालयात द्यावी. विसावा अर्ज समजावा. नाव कोरलेच, तर तिथे कोणी भाषण करू नये. मुलाने अक्षरांवरून बोट फिरवून ती बरोबर आहेत का, एवढे पाहावे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. तारीख: नऊ, मंगळवार. वेळ: ठरली होती दहा, सही करतेवेळी अकराला पाच कमी.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिली: बाईंनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीवर असताना सही केली. (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा: माझ्यासमोर सही केली. वहिनी म्हणाल्या, वाचल्याशिवाय सही करायची नाही. वाचलं. त्या दिवशी दोनला मी चौकात नव्हतो. दोन पंचवीसला पोचलो. वहीत दोन लिहिलं. तोवर ड्यूटी तेच करत होते. उशिराला कारण काही नव्हतं. ही सही आगाऊ नाही, आत्ता करतोय, अकरा वाजून वीस मिनिटं. (सही) निवृत्त हवालदार