तुळशीराम काकांचं तरुण रक्त

भिवंडी,
मंगळवार दुपार

ती. कमळाआत्यास उन्नतीचा नमस्कार.

तुझे गुडघे थंडीत फार दुखले नसतील आणि गरम पाण्याच्या कुंडावर येणाऱ्या पाहुण्यांनी तुझ्या ओटीवरचा चहा अजून संपवला नसेल, असं धरून चालते. इकडे सगळे ठीक आहेत. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं.) फोन केला नाही, कारण तू स्पीकर लावतेस आणि माझं बोलणं अर्ध्या अकलोलीच्या मतांसह माझ्याकडे परत येतं.

विषय तुझ्या धाकट्या भावाचा. तुळशीराम काकांची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, ऑगस्टमध्ये ८.७ होती. जानेवारीत ६.३ आली. त्याच सकाळची उपाशीपोटीची साखर मात्र २०४. मी माझ्या लॅबमध्ये दोन्ही तपासण्या पुन्हा केल्या, आकडे तेच. काकांनी ६.३चा कागद लॅमिनेट करून वडप्याच्या घरी रक्तदानाच्या प्रमाणपत्रांशेजारी लावला, २०४चा माझ्या टेबलावरच सोडला आणि त्या दिवसापासून साखरेच्या गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही. मला तर नाहीच. मी हरकत घेतली तेव्हा म्हणाले की माझ्या लॅबखाली कापडाचे लूम चालतात, त्याने मशीन हलतं आणि साखर जास्त दाखवतं. (६.३ दाखवताना ते हललं नव्हतं.) मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला. "तीन महिन्यांचा खरा का एका सकालचा? तूच सांगलेलंस." मीच सांगितलं होतं. दिवसातून दहा पेशंटना सांगते. स्वतःचंच वाक्य आपल्या तोंडावर मारलं जाणं हे शिक्षणाचं फळ असेल, तर मी उगाच शिकले.

आता नीट वाच, कारण पुढचं सगळं यावर आहे. रक्तातली तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली, हे मोजून आम्ही मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज सांगतो. काकांनी भाड्याने दिलेलं गोदाम डोळ्यांपुढे आण. खोक्यांवरची धूळ पाहून तिथली हवा कशी आहे ते सांगता येतं, पण खोकी बराच काळ पडून असतील तरच. जुनी खोकी सारखी बाहेर काढून नवी आणत राहिलात, तर धूळ कमी दिसेल. हवा होती तशीच राहील.

काकांची खोकी कोण बदलतंय, ते मला गेल्या शनिवारी ललिताकाकीच्या स्वयंपाकघरात कळलं. फळीवर एक कुकर, दोन डबे आणि एक छत्री होती, दाराशी हेल्मेट. प्रत्येकावर रक्तदान शिबिराचं नाव आणि तारीख छापलेली. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत पाच भेटी, म्हणजे पाच रक्तदानं. दोन रक्तदानांमध्ये पुरुषाने तीन महिने सोडायचे असतात, पण एक शिबीर कोणाच्या वाढदिवसाचं, एक जिमच्या उद्घाटनाचं, एक देवळाच्या वर्धापनदिनाचं. प्रत्येकाच्या बॅनरवर काकांचा फोटो, आणि फोटो लावून माणूस आला नाही तर पुढच्या हळदीत तोंड कसं दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न. म्हणून प्रत्येक फॉर्मवर "मागचं रक्तदान: एक वर्षापूर्वी". शिबिरात मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र ते नियमाने घेतात. (डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्यांनाही कोणी बॅनर लावायला हवा होता.) रक्त गेलं की शरीर नव्या पेशी करतं, लोह मिळालं की आणखी जोमाने. काकांच्या अंगात आता तरुण पेशींची गर्दी आहे, आणि त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळालेला नाही.

हे मी काकांना कुकर हातात धरून समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "गारीचा ऑइल बदलतान ना, तसा मी रगत बदलतो. जुना गेला, साखर गेली." पुढे काकीला म्हणाले की पोरीला हुशारी जास्त झाली, लग्न बघा. त्यावर मी कुकर जागेवर ठेवला आणि निघून आले. त्या कागदाला लॅमिनेशन करणाऱ्या दुकानदाराशीही माझं भांडण आहे, पण ते वेगळं.

तब्येतीला जप.

तुझी
उन्नती

ता. क. मुख्य गोष्ट वर लिहायची राहिली. काका रविवारी तुझ्याकडे येणार आहेत, कुंडाच्या गरम पाण्यात पाय शेकायला. पायांना मुंग्या येतात म्हणतात. शनिवारी कुकर हातात घेण्याआधी मी त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला टाचणी लावून पाहिली. दोन्ही पायांना दोनदा. ते म्हणाले, "टोच की आता, कवा टोचतंस?" माझं टोचून झालं होतं. आत्या, त्यांना कुंडात पाय घालू देऊ नकोस. पाण्याने भाजलं तरी त्यांना कळणार नाही. सोबत त्यांच्या साखरेच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली आहे. सोमवारी सकाळी दहाची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुझ्या हातून ते काहीही खातात, आणि तू रागावलीस तर उठून चालूही लागतात.

ता. क. २. कुकरच्या शिबिरात हिमोग्लोबिन तपासायला मी बसले होते. काकांचं १२.६ आलं. साडेबारा भरलं की रक्त घेतात, पण पुरुषाला ते कमीच. फॉर्मवरचं "एक वर्षापूर्वी" मी वाचलं. त्यांच्या साखरेच्या गोळ्या तेव्हा चालू आहेत हे मला माहीत होतं. मागे रांग होती आणि ते सगळ्यांना सांगत होते की ही आमची पुतणी. मी काही विचारलं नाही, सही केली.

हे त्यांना सांगू नकोस. गोळ्या घेतच नसतील तर सांग. भांडायला ते थेट लॅबमध्येच येतील. उपाशीपोटी ये म्हणावं.