जगाचं राहून गेलेलं वर्ष

लिक फोर्क, केंटकी
१९ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप ओलेटाताईस,
धाकट्या एल्झीचा प्रभूच्या नावात सलाम.

पाकीट जाड बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. गेल्या तीस वर्षांत तुला माझ्याकडून नाताळच्या कार्डावरच्या चार ओळींपलीकडे काही आलेलं नाही, आणि त्यातल्या दोन ओळी छापीलच असायच्या, त्यामुळे तुझ्या काळजात धस्स झालं असेल हे मी जाणून आहे. माझी तब्येत ठीक आहे. डावा गुडघा सोडला तर सगळे अवयव चालू आहेत. नदीनची साखर आटोक्यात आहे (ती बायको म्हणून केळ्याचं पुडिंग करते आणि मी नवरा म्हणून खातो, असा तोडगा काढलाय). तुझी कंबर कशी आहे? आणि तिकडे अ‍ॅरिझोनात एवढ्या उन्हात माणूस पत्र उघडायला तरी सावलीत जातो का? पत्राचं कारण पुढे येईलच. घाई करू नकोस, तू लहानपणीसुद्धा बायबलचं शेवटचं पान आधी वाचायचीस.

आपल्या मंडळीच्या चर्चच्या दारातला फळा तुला आठवत असेलच. रस्त्याच्या कडेला, ओकच्या झाडाखाली, पांढऱ्यावर काळी अक्षरं: ‘पृथ्वीचं वय अमुक वर्षं. तुमची किती उरली?’ पहिल्या ओळीतला आकडा बायबलातल्या वंशावळीच्या बेरजेचा, दुसरी ओळ डॅडींची. ममा म्हणायची की असं वाचून माणूस प्रार्थनेला येण्याऐवजी डॉक्टरकडे जाईल. दर एक जानेवारीला सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळे थंडीत कुडकुडत बाहेर उभे राहायचे, डॅडी शिडी धरायचे आणि शेवटचा आकडा तू रंगवायचीस, कारण स्टॅम्परांच्या घरात हात न थरथरणारी तू एकटी. सहा वर्षांची होतीस तेव्हा पहिल्यांदा ५९५९चा नऊ काढलास. त्या नऊचं शेपूट इतकं खाली आलं की ते दुसऱ्या ओळीत शिरलं. डॅडींनी ते वर्षभर पुसू दिलं नाही. म्हणाले, जग एका वर्षाने वाढलंय, शेपटाला जागा लागणारच.

आणि ती बरणी! रविवारच्या शाळेत डॅडी लोणच्याच्या बरणीत ओढ्याची माती, वाळू, खडे आणि पाणी भरायचे, गच्च झाकण लावून गदागदा हलवायचे आणि खिडकीत ठेवायचे. आपली गाणी म्हणून होईपर्यंत आत थरावर थर बसलेले असायचे. “हे बघा,” ते म्हणायचे, “एका तासात. मग नोहाच्या महापुराला अख्खं वर्ष मिळालं होतं, त्याने डोंगर का नाही रचायचे?” बाकीची पोरं तोंड उघडं टाकून बघायची. तू मात्र बारा वर्षांची असताना फ्रॉकच्या खिशातून ओढ्यातले ते भोकाचे दगडी मणी काढलेस आणि विचारलंस की बरणीत सगळं मिसळून मग बसतं, तर ओढ्याच्या कड्यात हे मणी एकाच थरात कसे? मला वाटलं, आता घरी गेल्यावर तुला मार बसणार. डॅडींनी मणी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवून बघितले. मग म्हणाले, “मला माहीत नाही, ओली. पण विचारलंस ते बरं केलंस.” त्या संध्याकाळी त्यांनी तुला ममाच्या शिवणाच्या डब्यातला दोरा दिला, माळ ओवायला. मला आजही ओढ्यात मणी दिसला की तो दोरा आठवतो. तुमच्या विद्यापीठात हे जीवाश्म कसे झाले ते शिकवतात, आम्ही कोणी केले ते शिकवतो. पण उचलायला दोघांनाही वाकावंच लागतं, आणि माझा गुडघा आता वाकत नाही.

असो. मूळ मुद्दा हरवला.

तर सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आपलं घरवापसीचं जेवण आहे, गाव सोडून गेलेले सगळे वर्षातून एकदा परत येतात ते. (झाडाखालची लांब टेबलं, तळलेली कोंबडी, मक्याची पोळी, नऊ प्रकारची पुडिंगं आणि दहावं नदीनचं.) यंदा मंडळीला शंभर वर्षं होतात म्हणून जुने फोटो मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ममाची बुटांची खोकी काढून बसलो. त्यात दोन फोटो सापडले. एक तुझा: ऑगस्ट १९६८, फळ्यासमोर, हातात सुटकेस, गळ्यात मण्यांची माळ, कॉलेजला निघालेली, चेहरा असा की जणू फोटोवाल्याशीसुद्धा तुझा वाद चाललाय. फळ्यावर ५९७१. दुसरा माझा: सप्टेंबर १९६९, त्याच फळ्यासमोर, माझ्याहून मोठं कलिंगड घेऊन. फळ्यावर ५९७१. मी चष्मा पुसला. नदीनचा चष्मा लावून बघितला. मग १९७०चा एक फोटो शोधला, त्यावर ५९७२. म्हणजे बघ, मधलं एक वर्ष कोणी घातलंच नाही! तेव्हापासून लिक फोर्कचं जग एका वर्षाने लहान आहे. डॅडी गेल्यावर तीस वर्षं मी दर जानेवारीला इमानदारीत एक-एक वाढवत आलो, तेही चुकलेल्या आकड्यावर. आज फळ्यावर ६०२६ आहे, पाहिजे ६०२७.

तू हसत असशील. तुझं ते साडेचार अब्जांचं घर. त्यातून कोणी एक वर्ष नेलं तर तुम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही. आमची सारी पुंजीच सहा हजारांची. आमच्यात एक वर्ष गेलं म्हणजे गेलं. आणि मथुशलहाचं काय? डॅडी किती अभिमानाने सांगायचे की वंशावळीची बेरीज केली तर तो नऊशेएकोणसत्तर वर्षं जगलेला म्हातारा नेमका महापुराच्याच वर्षी वारतो. एका वर्षाचा घोळ झाला तर नऊशेसत्तराव्या वर्षी बिचाऱ्याला पोहायला लागलं असतं.

मी ठरवलं, गाजावाजा नको. मंगळवारी दुपारी सगळे जेवून लवंडलेले असतात तेव्हा शिडी लावायची, सहा पुसायचा, सात काढायचा, संपलं. सहा पुसला. ब्रश रंगात बुडवला. तेवढ्यात खालून हॉबर्ट साइझमोरचा आवाज आला. (हो, जिवंत आहे. अठ्ठ्याऐंशीचा झाला, अजून मंडळीचा कारभार बघणारा डीकन आहे आणि अजून दुपारी झोपत नाही.) “काय रे एल्झ्या, जानेवारी लवकर आला का यंदा?” मी दचकलो, ब्रश पडला, रंगाचा डबा हॉबर्टच्या बुटांवर गेला आणि मी शिडीला मिठी मारून लटकलो. हॉबर्टने शिडी धरली, पण सगळं कबूल केल्याशिवाय मला उतरू दिलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बुधवारी बैठक बसली. फोटो टेबलावर ठेवले. हॉबर्ट डॅडींचं नाव घेऊन म्हणाला, कॉर्डेल स्टॅम्पर बेरजेत चुकणं शक्य नाही, त्याने आख्खी वंशावळ तोंडपाठ मांडली होती, सबब फोटोच खोटा. मी म्हटलं, हॉबर्टकाका, फोटो कसा खोटा असेल? तर पृथ्वीच्या वयावरून वाद झाला की आपण विचारतो तो जुना हुकमी प्रश्न त्याने बोट उगारून टाकला, “तू होतास का तिथे बघायला?” मी म्हटलं, “होतो ना! कलिंगड घेऊन मीच उभा आहे.” बैठकीत इतकं हसू झालं की प्रार्थना करून शांत करावं लागलं. मग आमचे नवे पाळक, ब्रदर डॅरिन, (एकतीस वर्षांचे, भला माणूस, पण सगळं संगणकावर) त्यांनी बेरीज नव्याने मांडली आणि त्यांचं उत्तर आम्हा दोघांपेक्षा तीन वर्षांनी वेगळं आलं. शिवाय शताब्दीचे दोनशे टी-शर्ट ६०२६ छापून तयार आहेत. शेवटी ठराव झाला की जोवर चूक कुठे आणि का झाली ते कळत नाही तोवर फळ्याला कोणी हात लावायचा नाही.

तेव्हापासून, ताई, गेले तीन आठवडे हमरस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी वाचते आहे: ‘पृथ्वीचं वय ६०२ वर्षं.’ लोक गाडी थांबवून विचारतात. परवा एक ट्रकवाला म्हणाला की आमच्या चर्चची इमारतच याहून जुनी वाटते.

चूक शोधायची म्हणून मी डॅडींचं बायबल काढलं. ते गेल्यापासून मी ते उघडलं नव्हतं, माझं धैर्य झालं नाही. उत्पत्तीचा पाचवा अध्याय, समासात त्यांची पेन्सिलची बेरीज: आदाम १३०, शेथ १०५, अनोश ९०, केनान ७०, खाली उतरत थेट आपल्यापर्यंत. एकही आकडा चुकलेला नाही. हॉबर्टचं तेवढं खरं निघालं. आणि सगळ्यात खाली, त्याच पेन्सिलने, बारीक अक्षरात:

‘१ जाने. १९६९. शिडी लावली. घातलं नाही. हे वर्ष ओलीचं. ती आली की तिच्या हातून.’

मी ते बहुतेक दहा वेळा वाचलं. त्या जानेवारीत मला गालगुंड झालं होतं, मी घरी होतो. बर्फामुळे प्रार्थनाही झाली नव्हती, म्हणून डॅडी एकटेच गेले होते. परत आले तेव्हा ब्रश कोरडा होता. ममाने विचारलं, घातलं का? ते म्हणाले, थंडीने रंग गोठला. एवढं मला आठवतं. पुढच्या वर्षीपासून ते स्वतःच रंगवायला लागले, पण ते एक वर्ष त्यांनी तुझ्यासाठी तसंच ठेवलं. आणि मग तू एकाहत्तरच्या सुट्टीत आलीस तेव्हा जेवणाच्या टेबलावर कड्याच्या वयावरून तुमचं वाजलं, तू दुसऱ्या दिवशी निघून गेलीस, आणि मुळात जानेवारीही नव्हता.

बाकी सगळं ठीक. ओढ्याला पाणी कमी आहे. टोमॅटो चांगले आलेत. नदीन सलाम सांगते.

तुझा धाकटा भाऊ,
एल्झी

ता. क. दोन्ही फोटो आणि बायबलच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे, कारण तू पुराव्याशिवाय काही ऐकत नाहीस. पान मी फाडलेलं नाही. तेवढा अधर्म माझ्याने होणार नाही.

ता. क. नदीन म्हणते आहे की मी नेहमीसारखा मुख्य गोष्ट सोडून सगळं लिहिलंय. तर ती अशी. डॅडींच्या अंत्यविधीच्या जेवणाला मी तुला म्हटलं होतं की त्यांनी तुझं नाव कधीच टाकलं होतं. मला तसं वाटून घ्यायचं होतं. रागही होता, कारण शेवटची वर्षं इथे मी होतो आणि तरी ते वाट तुझीच बघायचे. ते खोटं होतं, ताई. मी बघायला होतो तरी मला दिसलं नाही. मला क्षमा कर. (तू त्यांच्या कोटाच्या खिशात मणी ठेवलास तो मी पाहिला होता. कोणाला सांगितलेलं नाही, हॉबर्टला तर नाहीच.)

ता. क. घरवापसी आठ सप्टेंबरला आहे. कड्याच्या वयाबद्दल तू काहीही बोल, कोणी उठून जाणार नाही, पुडिंग तरी संपवेलच. आकडा तूच काढायचास असं मी बैठकीत सांगून टाकलंय. हॉबर्ट म्हणाला, “ती तर यातलं काहीच मानत नाही!” मी म्हटलं, न मानू दे, हात थरथरत नाही ना?

ता. क. ब्रदर डॅरिन म्हणतात, तोवर चिकटवायचा तयार सात मिळतो. मी शिडी आमच्या गोठ्यात कुलपात ठेवली आहे. तू येईपर्यंत जग सहाशे दोन वर्षांचं राहील, माझी हरकत नाही. फक्त फार उशीर करू नकोस, मी एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि त्यात एकाही वर्षाची चूक नाही.