पाळण्यात वाळत घातलेली जनावरं

१९ मार्च

पार्क बंद! फाटकाला कुलूप, कुलपावर साथीची पाटी. साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, मावशी." साहेबांचे पंधरा दिवस मी ओळखून आहे. पोशाखघरातला गळका नळही ते पंधरा दिवसांतच बदलणार होते. तो त्यानंतर दोन उन्हाळे गळतोय.

सगळ्यांना घरी पाठवलं. उरलो तिघं — फाटकावरचा पहारेकरी, पाळण्याचे मिस्त्री आणि मी. मी उरले कारण माझं घरच इथं, पोशाखघराच्या मागची खोली. हे गेल्यावरही साहेबांनी ती काढून घेतली नाही. माणूस वाईट नाही, नळाचं सोडलं तर.

२३ मार्च

चिरंजिवांचा फोन. जहाजावरचे पाहुणे उतरवले, नोकरमाणसांना मात्र कुठलंच बंदर उतरू देत नाही. किनारा समोर दिसतो म्हणे, आणि जहाज तिथंच उभं.

"मग राहतोस कुठं?"

"आई, मला पाहुण्यांची खोली मिळालीय. बाल्कनीवाली!"

इतकी वर्षं ज्या खोल्यांच्या चादरी बदलल्या, त्यातल्याच एकीत आता हा लोळतोय. विचारलं, "चादर कोण बदलतं?" म्हणाला, "मीच." — "आणि बक्षिशी?" — "देतो ना मलाच. पण पाहुणा फार चिक्कू आहे गं."

हसलो दोघंही. कधी येशील, हे मी विचारलं नाही. विचारून जहाज थोडंच हलणार होतं!

४ एप्रिल

पोशाख उघडून बघितले. बारा जनावरं — अस्वल, ससा, हत्ती, दोन माकडं आणि बाकीचं गणगोत. ती अंगावर घालून नाचणारी पोरं घरी गेली, आणि जनावरांना लगेच दमट वास सुटला. आत माणूस नसला की पोशाख कुजायला लागतो. घामाची तक्रार मी जन्मभर केली. आता वाटतं, घामच बरा होता.

ह्यांचा कोट मात्र कपाटात चार वर्षं ठणठणीत आहे. डांबराच्या गोळ्या मी वेळेवर बदलते.

११ एप्रिल

मिस्त्री रोज सकाळी आकाशपाळणा फिरवतात. रिकामा. कराकरा आवाज, आणि एकही किंकाळी नाही. मी खोलीचं दार लावून घेते. त्या खांबापाशी, लाल दांड्याच्या बाजूला, बावीस वर्षं हे उभे असायचे. "चढा, बसा, हात आत!" एवढ्या चार शब्दांवर संसार चालला आमचा.

वाचायलाही मी तिथंच शिकले. लग्न होऊन आले तेव्हा सहीपुरती अक्षरं येत होती. ह्यांचा डबा घेऊन जायचे आणि फेरी संपेपर्यंत समोरची पाटी अक्षर अक्षर लावत बसायचे. 'डब्यातून बाहेर डोकावू नये.' आयुष्यात स्वतः वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य! त्यानंतर गावातल्या वाचनालयाची दोन कपाटं संपवली, पण इतका कामाचा उपदेश पुन्हा कुठं मिळाला नाही.

मिस्त्री आज कमरेला हात लावून आले. "वहिनी, नुसता रिकामा फिरवून भागत नाही. डब्यांत वजन हवं, नाहीतर मधला आस एकीकडे झिजतो. आणि वाळूच्या गोण्या चढवायला माझ्या एकट्याच्यानं होत नाही."

१४ एप्रिल

डोकं चाललं! सगळी जनावरं धुऊन काढली. वाळवण्याच्या खोलीची वीज साहेबांनी तोडलेली. आणि भिजलेलं अस्वल म्हणजे माझ्याएवढं वजन — थोडं जास्तच, अस्वलाचा मान ठेवून. मिस्त्रींना म्हटलं, "तुम्हाला वजन हवं, मला ऊन-वारा हवा. बसवा यांना."

एका डब्यात एक, अशी बारा जणं बसवली. मिस्त्रींनी प्रत्येकाला पट्टा बांधला. म्हटलं, "अहो, अस्वलाला कशाला पट्टा?" म्हणाले, "पट्ट्याशिवाय मी कोणालाच फिरवत नाही. दादांची शिकवण आहे." दादा म्हणजे हे.

दिवसभर सावकाश फिरली. हत्तीचे कान वाऱ्यावर उडत होते. आज मी दार लावून घेतलं नाही.

१५ एप्रिल

पोलीस आले! समोरच्या इमारतीतल्या कुणा आजोबांनी फोन केला — पार्क चोरून चालू आहे, बारा लोक पाळण्यात बसलेत, एकाच्याही तोंडाला मास्क नाही.

दोघं जण, एक थोराड आणि एक काडी पैलवान. थोराड पोलीस फाटकातूनच ओरडला, "उतरवा त्यांना खाली! ताबडतोब!"

मिस्त्री म्हणाले, "साहेब, अजून ओले आहेत."

"ओले? पिऊन बसलेत काय?"

मी मध्ये पडले. "साहेब, ती माणसं नाहीत. कपडे आहेत. वाळत घातलेत."

"पाळण्यात?"

"दोरीवर हत्ती मावत नाही."

एकेक डबा खाली आला. थोराड पोलिसानं प्रत्येकाच्या तोंडात हात घालून बघितलं, आत कोणी दडलंय का. सशापाशी त्याला हसू आवरेना. शेवटी काडी पैलवानानं सशाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. अंतर ठेवायचा नियम सशाला लागू नाही म्हणे. वजनासाठी जनावरं बसवायला हरकत नाही, असंही जाताना सांगून गेले.

साहेबांचा फोन आला आणि मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. "मावशी, इतक्या वर्षांत पार्कात पोलीस आले नव्हते!" म्हटलं, "तिकीट काढून कधी येत होते?"

१७ एप्रिल

फोटो कुठल्या कुठं गेला! चिरंजिवांनी जहाजावर बघितला. "आई, सगळं जहाज हसतंय. आमचा आचारी म्हणतो, तुझ्या आईच्या पार्कात नोकरी आहे का?" हा आचारी म्हणजे ह्याचा शेजारी, पाहुणे नसल्यामुळे स्वतःच स्वयंपाक करून स्वतःच खाणारा. आडवा वाढतोय म्हणे.

शेवटी म्हणाला, "रात्री झोप येत नाही गं. जहाज उभं असलं की फार शांत वाटतं." मी म्हटलं, इंजिनाची सवय झालीय तुला. पण ती शांतता मला माहीत आहे.

२ मे

फोन नाही.

३ मे

फोन नाही. मिस्त्री म्हणाले, समुद्रावर टॉवर नसतो. हो, आणि परवापर्यंत काय मासे फोन लावून देत होते?

५ मे

आला फोन! दुसऱ्या एका स्वयंपाक्याला ताप आला म्हणून सगळ्यांना खोल्यांत कोंडलं होतं, आणि ह्याचा चार्जर राहिला आचाऱ्याकडे. ताप साधा निघाला. मी आधी रडले, मग चार्जरवरून भरपूर बोलले.

२८ मे

फोटोनं भलतंच काम केलं. वरच्या कचेरीतल्या कुणाच्या तरी नजरेत सशामागं झाडांआडून डोकावणारी आपल्या पार्काची लॉज भरली — दोन मजली आणि रिकामी. आता ती विलगीकरणासाठी घेतलीय. हा शब्द वाचायला पाटीपेक्षा अवघड आणि सोसायला त्याहून. बाहेरून येणारे लोक तिथं चौदा दिवस ठेवणार. चादरी धुवायचं काम माझ्याकडे, कारण मोठी मशिनं माझ्याकडे. हातमोजे, मास्क, पिशवीवर खोलीचा नंबर. जवळ जायचं नाही. पिशव्या ओट्यावर ठेवतात, आपण उचलायच्या.

१२ जून

जहाज लागलं! परवाच लागलं, पण माझा विश्वास बसेना म्हणून लिहिलं नव्हतं. त्यांना बसमध्ये घातलं, कुठं नेतायत ते सांगेनात. मी दिवसभर फोन हातात घेऊन.

संध्याकाळी वाजला. "आई, कुठल्यातरी लॉजवर आणलंय. वरचा मजला, सात नंबर. खिडकीतून एक पाळणा दिसतो आणि त्यात एक अस्वल बसलंय. ओळखीचं वाटतंय."

"मेल्या!" म्हणाले. फोन टाकून तशीच धावले. लॉजच्या कठड्याशी पोलिसानं अडवलं. तोच, काडी पैलवान. "काकू, नाही जमणार." म्हटलं, "सशाच्या गळ्यात गळा घातलास तेव्हा जमलं?" बिचारा लाजला. पण सोडलं नाही ते नाहीच.

आणि लॉजपुढं ही मोठी झाडं. खालून खिडकीची चौकटसुद्धा दिसत नाही. दोन वर्षांनी पोरगा घरी आलाय, हाकेच्या अंतरावर, आणि फोनवरच बोलायचं! समुद्रात होता ते परवडलं.

१५ जून

चादरींच्या पिशव्या आल्या. सात नंबरची हातात आली आणि मी थांबले. आजूबाजूला कोणी नव्हतं. मास्क खाली केला, चादरीत तोंड घातलं. अगदी एकदाच. तेलकट, मसालेदार वास. म्हटलं, किती बदललाय पोरगा! अंगाला स्वयंपाकघराचा वास कसा? मग वाटलं, असेना का. दोन वर्षांत माणसाचा वास बदलणारच. पुन्हा एकदा घेतला.

म्हणजे दोनदा.

१८ जून

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, वरच्या डब्यातून लॉजच्या खिडक्या सरळ समोर येतात. बसा."

मी म्हटलं, "मी? त्यात?" बावीस वर्षं हे म्हणत होते, एक फेरी मार, एक तरी मार. मी कधी बसले नाही. उंचीचं भय, हे कारण मी सांगायचे आणि ते खरंही आहे. पण दुसरंही होतं. पाळणा चालवणाऱ्याला पाळण्यात बसता येत नाही. त्यानं खाली उभं राहायचं आणि मी एकटीनं वर जायचं — यात कसली मजा? मनात ठरवलं होतं, हे निवृत्त झाले की दोघं मिळून बसू.

मिस्त्रींनी पट्टा बांधला. दोनदा ओढून बघितला. "हात आत," म्हणाले, आणि दांडा ओढला.

डोळे मिटले, देवाचं नाव घ्यायला गेले तर पाटीच आठवली. मग डोळे उघडले. खाली लाल दांड्यापाशी मिस्त्री वर बघत उभे होते, एवढेसे. टोपी तेवढी दिसत होती. हे असेच दिसले असते. मी बसले असते तर दिसले असते. मी एकटी वर गेले असते असं मला वाटायचं. पण खालचा माणूस पूर्ण वेळ तुमच्याकडेच बघत असतो, हे वर गेल्याशिवाय कळत नाही.

तेवढ्यात डबा माथ्यावर थांबला. समोर खिडक्या. मी डावीकडून मोजून सात नंबर गाठला आणि जोरजोरात हात हलवला. (हात बाहेर काढला. पहिल्यांदाच पाटी मोडली.) खिडकीत एक टकला, गरगरीत माणूस बनियनवर उभा. त्यानंही दोन्ही हात हलवले! मी मनात म्हटलं, अरे देवा, जहाजावर पोराचं हे काय झालं!

मग दोन खिडक्या पलीकडं बघितलं. तिथं माझा मुलगा पलंगावर चढून उड्या मारत होता. दाढी वाढलेली. बाकी तसाच. बापाचे कान.

खाली उतरल्यावर फोन केला. "सात नंबरमध्ये कोण आहे?"

"आमचा आचारी. पहिल्याच रात्री खोली बदलून मागितली गं, सातचं न्हाणीघर मोठं आहे. नऊच्या न्हाणीघरात तो वळू शकत नव्हता. का?"

"काही नाही," म्हटलं. परक्या टकल्या पुरुषाची चादर हुंगल्याचं सांगू कोणत्या तोंडानं! मिस्त्रींना मात्र सांगितलं. ते कठड्याला धरून हसत बसले. कंबर पुन्हा धरली त्यांची.

२१ जून

आचाऱ्याला ताप. नाकात काडी घालून तपासलं — तोच आजार. गाडी येऊन त्याला दवाखान्यात घेऊन गेली. जाताना म्हणे पाळण्याकडे बघून हात हलवत होता.

मिस्त्री आज हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण तपासून घ्या."

२३ जून

माझ्याही नाकात काडी. डोळ्यांतून पाणी आलं. अंगात कसकस आहे, पण ती पाळण्याची असेल. चिरंजिवांची दुसरी तपासणीही आजच. त्याला मी चादरीचं सांगितलं. मला वाटलं, रागावेल. तो आधी हसला, मग म्हणाला, "आई, माझाच वास हवा होता तर मागायचं ना. मी टॉवेल पाठवला असता."

२७ जून

त्याचा अहवाल चांगला, तो सुटला. माझा वाईट, मी आत — दुखणं सौम्य म्हणून दवाखान्याऐवजी लॉजवरच. नंबर नऊ. न्हाणीघर खरंच लहान आहे.

सकाळी पाळणा फिरला. माथ्यावरच्या डब्यात आमचे चिरंजीव — सात समुद्र फिरलेले! — पट्टा बांधून, डोळे घट्ट मिटून, समोरच्या इमारतीला हात हलवत होते. खालून मिस्त्री ओरडत होते, "अरे इकडे नाही, तिकडे! तिकडे आहे ती!"